बाकीचे पाणी कुठे गेले?

काही प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतात, आणि म्हणूनच ते शिक्षकाला अडचणीत आणतात. २०२४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. प्रात्यक्षिकाचा तास संपला होता. मुले वह्या आवरून निघाली, पण सांगोल्याकडचा एक विद्यार्थी टेबलापाशी रेंगाळत राहिला.

"सर, एक हिशेब जुळत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे यंदा पाऊस पाव हिस्सा कमी झाला. दर साली सोळा आणे धरला, तर यंदा बारा आणे. मग विहिरीतही बारा आणे पाणी असायला हवे की नाही? दर साली विहीर पाडव्यापर्यंत साथ देते. यंदा संक्रांतीलाच तळ दिसला. बाकीचे पाणी कुठे गेले?"

मी चटकन म्हणालो, "उपसा जास्त केला असेल तुम्ही."

"केला, सर. पण तो का करावा लागला? गहू एकरभरच आहे. जमीन तीच, बियाणे तेच, पंप तोच. तरी दर साली पुरतात त्यापेक्षा दोन पाळ्या जास्त द्याव्या लागल्या."

या दोन पाळ्यांचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. 'पीक किती पाणी पिते' हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या किंवा शेतीच्या अध्यापकांचा, आपला नव्हे, असे मी समजत आलो होतो. शोध घेतल्यावर लक्षात आले की हा प्रश्न बराचसा आपल्याच, म्हणजे भौतिकशास्त्राच्या, घरातला आहे. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. सोबत कागद-पेन्सिल असू द्या.

शेतातले पाणी मोजण्याची पट्टी

पाऊस आपण मिलिमीटरात मोजतो. पिकाने वापरलेले पाणीही त्याच पट्टीने मोजतात, आणि त्यात मोठी सोय आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले, तर त्याची जाडी बरोबर १ मि.मी. भरते. एका एकरात सुमारे ४०४७ चौरस मीटर असतात. म्हणून एकरावर १ मि.मी. पाणी म्हणजे ४०४७ लिटर. भर वाढीचे पीक आपल्याकडच्या कोरड्या हवेत दिवसाला सहज ५ मि.मी. पाणी खर्च करते. गुणाकार करून पहा: वीस हजार लिटर! दहा हजार लिटरचे दोन टँकर एका एकरातून रोज हवेत निघून जातात आणि आपल्याला त्याचा आवाजही येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे पाणी पिऊन पीक त्याचे करते काय? खरे सांगायचे तर फारसे काही नाही. मुळांनी शोषलेल्या शंभर लिटरपैकी पंच्याण्णवांहून अधिक लिटर पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडतात. पानांवर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म छिद्रे असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतले पाणी बाहेर जाते. दार उघडे ठेवून घर थंड राहत नाही, तशातला हा प्रकार. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. मातीच्या उघड्या पृष्ठभागावरूनही पाण्याचे थेट बाष्पीभवन चालू असते. या दोहोंची बेरीज म्हणजे पिकाचा पाणीवापर.

आता मूळ मुद्दा. ही तहान ठरवते कोण? पिकाचा त्यात वाटा आहेच. रोप लहान असताना खर्च कमी, ज्वारी पोटरीत येऊन निसवली की सर्वांत जास्त, दाणे पक्व होऊ लागले की पुन्हा कमी. पण पीक एकाच अवस्थेत असले तरी आजची आणि उद्याची तहान सारखी नसते. ती ठरवते वरची हवा.

हवेची तहान

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते. तापमान न वाढवता जी उष्णता पाण्यात शिरते ती अप्रकट उष्मा, हे तुम्ही शिकला आहात. शेतातल्या तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २४.५ लाख जूल लागतात. एक हजार वॉटची शेगडी ४१ मिनिटे चालवा, तेवढी ही ऊर्जा. शेतात ती सूर्य फुकट पुरवतो. म्हणून ऊन ही पहिली गोष्ट. ढगाळ दिवशी पिकाचा खर्च कमी होतो तो मुख्यतः यामुळेच.

दुसरी गोष्ट हवेचा कोरडेपणा. हवेत वाफ मावायला मर्यादा असते आणि ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब २.३४ किलोपास्कल असतो, ३० अंशांना ४.२४, आणि ४० अंशांना ७.३८. तापमान वीस अंशांनी वाढले तर मर्यादा तिप्पट झाली! हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ आणि ही मर्यादा यांतील फरक म्हणजे हवेची तहान, असे मी म्हणतो. (शास्त्रज्ञ तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात.)

तिसरी गोष्ट वारा. पानाला लागून असलेली हवा दमट होते. वारा तिला बाजूला सारून तेथे कोरडी हवा आणून ठेवतो. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात, हे काही नवीन सांगायला नको.

ऊन, कोरडेपणा आणि वारा यांना एकाच सूत्रात बसवण्याचे काम इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रातील हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली केले. पेनमन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. आपल्याकडेही या विषयाचा पाया एका भौतिकशास्त्रज्ञानेच घातला. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे विद्यार्थी असलेले एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली १९३२ मध्ये पुण्यात हवामान खात्याचा कृषिविभाग सुरू झाला. जमिनीला अगदी लागून असलेल्या हवेच्या थरात काय चालते, याचा त्यांनी पुण्याच्या शेतात तापमापके लावून अभ्यास केला. मोठे यंत्र हाताशी असल्याशिवाय शोध लागत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी रामदासांचे काम जरूर पाहावे.

उघडीप पडते तेव्हा

आता ही सूत्रे घेऊन सांगोल्याला जाऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलेल्या ढगांत फारसे काही उरत नाही, आणि पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याला जेमतेम पाचशे-सातशे मिलिमीटर मिळतात. तेही दर साली सारखे नाहीत. सरासरी हा शब्द येथे फार फसवा आहे.

भर पावसाळ्यातला एक ढगाळ दिवस घ्या. तापमान २७ अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. २७ अंशांना संपृक्त बाष्पदाब ३.५७ किलोपास्कल. त्यातला वीस टक्के भाग रिकामा, म्हणजे तूट ०.७१. आता पावसाने दडी मारली. ढग पांगले, पारा ३३ अंशांवर चढला, आर्द्रता ५० टक्क्यांवर आली. ३३ अंशांना संपृक्त दाब ५.०३, आणि त्याचा निम्मा भाग रिकामा, म्हणजे तूट २.५. हवेची तहान साडेतीन पट झाली! पिकाचा खर्च काही साडेतीन पट होत नाही, कारण त्याला उन्हाचा पुरवठाही तेवढा लागेल. पण ढग नसल्यामुळे ऊनही वाढलेलेच असते. दिवसाला ३ मि.मी. खर्च करणारे पीक ५ मि.मी. मागू लागते.

पाऊस थांबला तेव्हा पिकाची गरज तेवढीच राहिली आणि फक्त पुरवठा बंद झाला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात जे ढग पाऊस देत नाहीत ते सावलीही देत नाहीत. पुरवठा घटतो त्याच दिवसापासून मागणी वाढते. जमा आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, एकाच हवामानाची ती दोन टोके आहेत. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. त्या महिन्यात पिकांनी नुसता ३६ टक्के पाऊस गमावला असे नाही, तर उरलेल्या पावसावर त्यांना नेहमीपेक्षा मोठी तहान भागवावी लागली.

येथे आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची ती भौतिकशास्त्रापुरती, शेतकऱ्याच्या दृष्टीने ती गंमत नव्हे. ओला माठ थंड असतो, कारण त्यावर पडणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तोच माठ रिकामा करून उन्हात ठेवला तर काही वेळात चटका देतो. ओले शिवार हा असाच एक अवाढव्य माठ आहे. शिवार वाळले की सूर्याची जी उष्णता बाष्पीभवनात जात होती, ती आता माती आणि हवा तापवण्यात जाते. तापलेल्या हवेची तहान वाढते. वाढलेली तहान माती आणखी वाळवते. अवर्षण असे स्वतःच स्वतःला खतपाणी घालते.

आणि या वाळलेल्या शिवाराच्या मध्यभागी एक हिरवा तुकडा असेल तर? समजा, विहिरीच्या पाण्यावरचा एकरभर गहू. त्याच्यावर स्वतःच्या वाट्याचे ऊन तर पडतेच, शिवाय भोवतालच्या मोकळ्या रानावरून तापून आलेला कोरडा वाराही त्याच्यावरून वाहतो. चहूबाजूंनी हिरव्या शिवारात असलेल्या गव्हापेक्षा या एकट्या गव्हाला पाणी जास्त लागते. वाळवंटातल्या ओअॅसिसमधील खजुराची जी अवस्था, तीच याची. माझ्या विद्यार्थ्याच्या दोन पाळ्यांपैकी एक मला येथे सापडली.

काळ्या मातीची पेढी

दुसरी पाळी मातीत सापडली. जोराच्या पावसानंतर जादा पाणी निथळून गेले की मातीत मुळांना सोसेल एवढा ओलावा आणि हवा दोन्ही असतात. या स्थितीला आपला शेतकरी वाफसा म्हणतो. एवढा नेमका शब्द शास्त्रीय परिभाषेतही मला आढळला नाही. वाफशावरच्या एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असे १५० ते २०० मि.मी. पाणी साठलेले असते. वीतभर-दीड वीत खोलीच्या मुरमाड जमिनीत ते तीस-चाळीस मिलिमीटरच. रोज ५ मि.मी. प्रमाणे भागाकार करा. काळी जमीन महिनाभर पीक पोसते, मुरमाड जमीन आठवडाभर. पंधरा दिवसांची उघडीप एकाला सुसह्य आणि बांधापलीकडच्या दुसऱ्याला जीवघेणी का ठरते, ते या भागाकारात आहे.

रब्बी ज्वारी तर या साठ्यावरच जगते. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायची आणि पुढे पाऊस येईलच असे धरायचे नाही, असा तिचा संसार. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण इतकी वर्षे टिकले ते याच जमिनीशी आणि याच हवेशी जुळवून घेतल्यामुळे. ओल कमी पडू लागली की ज्वारी पाने गुंडाळते, पर्णरंध्रे मिटते आणि वाट पाहते. अशा वेळी मागणी कितीही असो, प्रत्यक्ष पाणीवापर घटतो. पण रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही बंद, म्हणजे उपासमार. म्हणून दुष्काळी सालात 'पिकाने पाणी कमी वापरले' अशी नोंद दिसली, तर ती काटकसर समजू नका.

दर साली परतीचा पाऊस या पेढीत भर घालून जातो आणि गव्हाला पहिले काही आठवडे त्यातून पाणी मिळते. त्या साली माझ्या विद्यार्थ्याच्या रानात परतीचा पाऊस जेमतेम झाला होता. जमिनीतली ठेवच नव्हती, म्हणून पहिल्या दिवसापासून खर्च विहिरीवर पडला.

जमाखर्च

आता विहिरीचा हिशेब मांडू. पुढचे आकडे त्याच्या रानात मोजलेले नाहीत, समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, चांगल्या साली ५०० मि.मी. पाऊस पडतो. त्यातून माती, गवत, झाडे आणि पिके मिळून ४१० मि.मी. हवेत परत पाठवतात. उरले ९०. यातूनच ओढा वाहतो आणि यातूनच विहिरीचे झरे भरतात. आता पाव हिस्सा कमी, म्हणजे ३७५ मि.मी. पाऊस घ्या. हवा आणि माती आपला हिस्सा आधी घेतात. कोरड्या हवेला चारशेहून अधिक हवे आहेत, पण तेवढे नाहीतच, म्हणून ती ३४५ वर समाधान मानते. उरले ३०. पाऊस पावाने घटला, पण विहिरीच्या वाट्याचे पाणी एक तृतीयांशावर आले! घरात पगार पावाने कमी झाला तर शिल्लक पावाने कमी होत नाही, पुष्कळदा शिल्लकच उरत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

अर्थात पाऊस कसा पडतो यावरही बरेच अवलंबून आहे. शंभर मिलिमीटर एका रात्रीत कोसळले तर दुष्काळी सालातही ओढ्याला पूर येतो. तेच पाणी चार-चार मिलिमीटरच्या पंचवीस सरींनी आले, तर वरची बोटभर माती ओली होऊन वाळते आणि विहिरीला थेंबही मिळत नाही.

आणि खर्चाची बाजू? कोरड्या, तापल्या हवेमुळे गव्हाची मागणी दिवसाला ०.७ मि.मी.ने वाढली असे धरू. शंभर दिवसांत ७० मि.मी. झाले. मातीतली ठेव नसल्यामुळे आणखी ६०. एकूण १३० मि.मी. सारे वाफे भिजवून एक पाळी द्यायची तर साठ-सत्तर मिलिमीटर पाणी लागते. भागा पाहू! दोन पाळ्या. एकरी सव्वापाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बावन्न टँकर. तेही ज्या साली विहिरीत तिसरा हिस्साच पाणी उतरले त्या साली.

हा कागद मी त्याला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, "मग सर, पुढच्या साली काय करायचे?"

उन्हाला आणि वाऱ्याला आपण आवरू शकत नाही. पण पाणीवापराचे जे दोन भाग आपण पाहिले, त्यांपैकी मातीवरून होणारे बाष्पीभवन पिकाच्या काही कामाचे नसते. तेथे हात घालता येतो. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात, आणि भेगेच्या दोन्ही भिंती हवेला उघड्या होऊन आतली ओल उडते. कोळपे फिरवले की भेगा बुजतात आणि वर सुट्या मातीचा थर बसतो. त्यातून केशाकर्षणाने पाणी वर चढू शकत नाही. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात, ते याचसाठी. १९३३ पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात झालेल्या कामाचा मोठा भाग अशाच साध्या दिसणाऱ्या उपायांचा आहे. बांधावर शेवरीची ओळ लावून वाराही थोडा अडवता येतो.

ठिबक सिंचनाबद्दल मात्र एक गैरसमज दिसतो. ठिबकमुळे मधली माती कोरडी राहते आणि तेवढे पाणी वाचते, हे खरे. पण पानांतून जाणारे पाणी त्याने कमी होत नाही. उसाला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर लागतात. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस लावला, तर विहिरीच्या दृष्टीने काहीच वाचले नाही.

"हवा तापत चालली आहे, मग ही तहान दर साली वाढतच जाणार का?" असे तुमच्यापैकी कोणीतरी नक्की विचारील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे, आणि दर अंशामागे हवेची वाफ सामावण्याची मर्यादा सुमारे सहा-सात टक्क्यांनी वाढते. तरीही घाईने निष्कर्ष काढू नका. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातल्या बऱ्याच वेधशाळांत बाष्पीभवन चक्क घटल्याचे आढळले होते. वाऱ्याचा वेग, आर्द्रता आणि धुरकटपणामुळे अडलेले ऊन यांकडे त्याची कारणे शोधली गेली. शिवाय उष्णतेने पीक लवकर पक्व होते, त्यामुळे पाणी पिण्याचे दिवस कमी होतात आणि दाणे भरण्याचेही. एकट्या तापमापकाकडे पाहून पिकाची तहान सांगता येत नाही.

ती मोजता मात्र येते, आणि तुमच्या शाळेच्या आवारात मोजता येते. वेधशाळेत यासाठी सुमारे १२० सें.मी. व्यासाचे आणि २५ सें.मी. खोलीचे पसरट धातूचे पात्र लाकडी चौकटीवर ठेवतात. तुम्ही उभ्या कडांचे, ३६ सें.मी. व्यासाचे पातेले घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १०१८ चौरस सें.मी. येते, म्हणजे १०२ मिलिलिटर पाणी घटले की १ मि.मी. बाष्पीभवन झाले. काठाखाली चार बोटे एक खूण करा आणि खुणेपर्यंत पाणी भरा. रोज सकाळी एकाच वेळी मोजपात्राने पुन्हा खुणेपर्यंत भरा, आणि किती घालावे लागले ते लिहून ठेवा. रात्री पाऊस झाला तर त्या दिवसाची नोंद सोडून द्या. धातूचे पातेले बाजूंनीही तापते, म्हणून येणारा आकडा शेतातल्यापेक्षा मोठा असतो. वेधशाळेच्या पात्राच्या आकड्यालाही साधारण ०.७ ने गुणून हिरव्या गवताच्या पाणीवापराचा अंदाज काढतात. तुमचे पातेले लहान आहे, त्यामुळे ते आणखी फुगवून सांगेल. पण ढगाळ दिवस आणि उघडिपीचा दिवस यांतला फरक ते चोख दाखवील.

पातेल्यावर तारेची जाळी अवश्य ठेवा. आमच्या विद्यार्थ्याने घरी हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या दिवशी तब्बल १४ मि.मी. बाष्पीभवन भरले. नंतर कळले की त्यातला बराचसा भाग कावळ्यांचा होता.